तळटीप : कॉलेजचा मल्ल आणि इनाम

* इनाम : गावजत्रेच्या फडात कुस्ती चितपट झाली की रोख रक्कम तिथल्या तिथे हाती पडते. घेणारा मल्ल कॉलेजात शिकतो का, हे कोणी विचारत नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी झालेल्या पृथ्वीराज मोहोळला तर थार गाडी मिळाली.

याच अहिल्यानगर जिल्ह्यातला विद्यार्थी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरला, तर मात्र पदक, प्रमाणपत्र आणि मिळालेच तर बक्षीस. ‘खेलो इंडिया’त निवडलेल्यांना महिना १०,००० रुपये भत्ता असतो, बाकीच्यांनी दूध-बदामाचा खर्च कुठे मांडायचा?

याउलट अमेरिकेत २०२१पासून कॉलेजचे खेळाडू जाहिरातींतून कमावू शकतात. जून २०२५च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठेही त्यांना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. त्यामागे मोठा आधार सामन्यांच्या प्रक्षेपणहक्कांचा. आपल्या आंतरविद्यापीठ कुस्त्यांना तसा प्रेक्षक नाही, त्यामुळे इथे पगाराआधी खुराकभत्ता मागणे अधिक रास्त. – संपादक