शार्लट ब्राँटीचे रेल्वेचे शेअर

१/ तंत्रज्ञान कंपनीचे शेअर बाळगणारा हौशी गुंतवणूकदार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोबाईलकडे टक लावून बसलेला तरुण येतो. या थ्रेडची नायिका मात्र इंग्लंडातील हॉवर्थ नावाच्या डोंगराळ खेड्यातल्या पाद्र्याची मुलगी आहे. ‘जेन एअर’ लिहिणारी शार्लट ब्राँटी. तिच्याकडचे शेअर त्या काळच्या सर्वांत नव्या तंत्रज्ञानाचे, म्हणजे आगगाडीचे होते. आणि त्यांविषयी तिने पत्रांतून जे लिहिले, तितके मोकळे आजही फार थोडे लोक लिहितात.

२/ आधी पार्श्वभूमी. १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली आणि वाफेच्या गाडीतून नफा होतो हे सर्वांना दिसले. पुढल्या दीड दशकात त्या नफ्याचे वेड झाले. एकट्या १८४६ साली ब्रिटिश संसदेने रेल्वेचे अडीचशेहून अधिक कायदे संमत केले.

३/ वेडाला खतपाणी घातले ते शेअर विकण्याच्या पद्धतीने. पूर्ण किंमत एकदम द्यावी लागत नसे. आरंभी थोडी अनामत भरायची, उरलेली रक्कम कंपनी मागेल तेव्हा हप्त्यांनी. त्यामुळे शिक्षक, विधवा, पाद्री, कारकून असे बेताच्या मिळकतीचे लोकही बाजारात उतरले. पुढे हप्त्यांच्या मागण्या येऊ लागल्या, तेव्हा कित्येकांना आपण काय विकत घेतले आहे ते कळले.

४/ १८४२ च्या ऑक्टोबरात ब्राँटी भगिनींची मावशी एलिझाबेथ ब्रॅनवेल वारली. तिच्या मृत्युपत्राने शार्लट, एमिली आणि अॅन यांना प्रत्येकी सुमारे ३०० पौंड मिळाले. ही रक्कम केवढी? आदल्याच वर्षी शार्लट एका घरी मुलांची शिक्षिका होती. पगार वर्षाला २० पौंड, त्यातून कपडे धुण्याचे पैसे कापले जात. म्हणजे ही पंधरा वर्षांची कमाई होती. ती बहुतांशी यॉर्क अँड नॉर्थ मिडलँड रेल्वेत गेली.

५/ १८४३ साली शार्लट ब्रसेल्सला शिकत-शिकवत होती. तिघींचे शेअर सांभाळले एमिलीने. होय, ‘वदरिंग हाइट्स’ची एमिली! वाऱ्यापावसात माळरानावर भटकणारी, जगाचे भान नसलेली, असे तिचे चित्र आपण रंगवतो. शार्लटचे १८४५ चे पत्र वेगळेच सांगते. वर्तमानपत्रांत रेल्वेविषयी येणारी प्रत्येक ओळ, प्रत्येक जाहिरात एमिली बारकाईने वाचत असे. आपण सट्ट्याच्या खरेदी-विक्रीपासून दूर राहिलो, म्हणून आपले बरे चालले आहे, असेही शार्लट तेथे नमूद करते.

(याच घरातला भाऊ ब्रॅनवेल रेल्वेत स्टेशनावर कारकून होता. हिशेबात अकरा पौंडांची तूट निघाल्याने १८४२ साली त्याची नोकरी गेली. रेल्वेची ही दुसरी बाजूही घराला ठाऊक होती.)

६/ आता मुख्य पत्र. ३० जानेवारी १८४६. शार्लट आपल्या जुन्या शिक्षिका मिस वूलर यांना कळवते की आमचा मार्ग उत्तम आहे, पण उत्तमातल्या उत्तम रेल्वेचेही भाव इतके चढे फार वर्षे राहतील असे मला वाटत नाही. वेळीच विकावे, कमी उत्पन्नाच्या पण सुरक्षित ठिकाणी पैसा ठेवावा, असे तिचे मत. बहिणींना मात्र ते पटत नव्हते. आणि एमिलीने परदेशी असताना आपले हित जपले, तिचे मन दुखावण्यापेक्षा तोटा सोसलेला बरा, असे म्हणून शार्लट तो विषय सोडून देते.

७/ मला हे पत्र पुनःपुन्हा वाचावेसे वाटते. तिचे निदान अचूक होते. अज्ञान नव्हते, लोभही नव्हता. तरी शेअर विकले गेले नाहीत, कारण ते बहिणीच्या हातात होते. शिवाय दोनच दिवस आधी, २८ जानेवारीला, तिने एका प्रकाशन संस्थेला पहिले पत्र धाडले होते: तिघींचा कवितासंग्रह स्वखर्चाने छापायचा होता. त्या संग्रहाच्या वर्षभरात दोन प्रती खपल्या.

८/ त्यांच्या कंपनीचा सूत्रधार होता जॉर्ज हडसन, मूळचा यॉर्कचा कापडदुकानदार. लोक त्याला ‘रेल्वेचा राजा’ म्हणत. ऑक्टोबर १८४५ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर वाढवला, १८४७ साली व्यापारी संकट आले, भाव कोसळत गेले. १८४९ मध्ये भागधारकांनी चौकशी लावली, तेव्हा हडसनच्या कारभारात भांडवलातूनच लाभांश वाटल्याचे उघड झाले. भाव फुगला आहे हे शार्लटला हॉवर्थमध्ये बसून ओळखता आले. हिशेबवही खोटी आहे, हे तिला कोठून कळावे?

९/ तोवर घर ओस पडले होते. सप्टेंबर १८४८ मध्ये ब्रॅनवेल गेला, डिसेंबरात एमिली, पुढील मे महिन्यात अॅन. १८४९ च्या शरदात शार्लट आपले प्रकाशक जॉर्ज स्मिथ यांना हिशेब कळवते: शेअरची मूळ किंमत ५० पौंड, एकदा १२० पर्यंत चढला, काही वर्षे १० टक्के लाभांश मिळाला, आता भाव २०. वडिलांना हे हळूहळू सांगावे लागेल, असे ती लिहिते. हजारो लोकांच्या तोंडचा घास गेला. आपली केवळ पुढची तरतूद गेली, तेव्हा आपण कुरकुर करू नये, असेही. एमिलीविषयी दोषाचा शब्द नाही.

१०/ या पडझडीचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. हात पोळलेला ब्रिटिश गुंतवणूकदार हमीशिवाय पैसा घालायला तयार नव्हता. ऑगस्ट १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेशी ईस्ट इंडिया कंपनीने करार केला आणि ५ टक्के परताव्याची हमी दिली. कमी पडेल ती रक्कम हिंदुस्थानच्या महसुलातून जाणार होती. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली गाडी याच कराराची.

११/ तंत्रज्ञान मात्र खोटे नव्हते. १८५० पर्यंत ब्रिटनमध्ये सुमारे ६,००० मैल लोहमार्ग धावू लागला होता. शार्लट स्वतः जुलै १८४८ मध्ये अॅनसह वादळात कीथलीपर्यंत चालत गेली आणि रात्रीच्या गाडीने लंडनला पोचली. तिच्या खेड्याला स्टेशन नव्हते. हॉवर्थला आगगाडी आली १८६७ साली. शार्लटला जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती.