रविवारी जिंका, सोमवारी विका

एरवी लढायांबद्दल बोलणारा माणूस आज मोटारींच्या शर्यतीकडे कसा वळला, असं काहींना वाटेल. कारण साधं आहे. फौजेतली माझी बरीच वर्षं गाड्यांच्या सोबतीने गेली. गाडी चांगली की वाईट हे ठरवायचं कसं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. ऑस्ट्रेलियातल्या काही मंडळींनी १९६० साली या प्रश्नाचं एक सरळ उत्तर शोधलं होतं. पुढच्या बारा वर्षांत त्या उत्तराचं काय झालं, ती आजची गोष्ट.

मोटारींच्या शर्यती ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. एकीत फक्त शर्यतीसाठीच बांधलेल्या गाड्या धावतात. फॉर्म्युला वन ही त्यातली सगळ्यांना माहीत असलेली. दुसरा प्रकार प्रॉडक्शन कार रेसिंगचा. तुम्ही-आम्ही शोरूममधून जी गाडी घेऊन घरी येतो, तीच गाडी जवळपास तशीच शर्यतीत उतरवायची. इंजिन बदलायचं नाही, हलकी बॉडी बसवायची नाही. जे विकता, तेच पळवा.

२० नोव्हेंबर १९६० रोजी व्हिक्टोरिया राज्यातल्या फिलिप आयलंडवर अशी पहिली आर्मस्ट्राँग ५०० शर्यत झाली. आर्मस्ट्राँग ही शॉक ॲब्सॉर्बर बनवणारी कंपनी, आणि ५०० म्हणजे पाचशे मैल, सुमारे ८०० किलोमीटर. गाडी ऑस्ट्रेलियात बनलेली किंवा जुळवलेली असावी, आणि बाजारात कोणालाही विकत मिळणारी असावी, ही अट. जॉन रॉक्सबर्ग आणि फ्रँक कोड यांनी व्हॉक्सहॉल क्रेस्टा ही कुटुंबाची चार दारांची गाडी सगळ्यांच्या पुढे आणली. कल्पना अशी, की दिवसभर गाड्या दामटा. कुठली टिकते, कुठली उकळते, कुठलीचे ब्रेक जातात ते लोकांना डोळ्यांनी दिसू दे. जाहिरातीत काहीही छापता येतं, पण पाचशे मैल खोटं बोलत नाहीत.

फिलिप आयलंडचा रस्ता मात्र दोनच वर्षांत दमला. १९६२ च्या शर्यतीत त्याचा पृष्ठभागच उखडला. म्हणून १९६३ साली शर्यत न्यू साउथ वेल्समध्ये, सिडनीपासून सुमारे २०० किलोमीटरवरच्या बाथर्स्ट गावी गेली. तिथे माउंट पॅनोरमा नावाची टेकडी आहे. तिच्यावरून जाणारा सव्वासहा किलोमीटरचा गोल रस्ता एरवी सार्वजनिकच असतो; कडेला घरं आहेत, लोक नेहमीसारखे ये-जा करतात. शर्यतीच्या दिवशी तोच ट्रॅक होतो. चढ-उताराचा फरक १७४ मीटर. वर अरुंद वळणं, मग तीव्र उतार, आणि खाली आलं की कॉनरॉड स्ट्रेट हा लांबलचक सरळ पट्टा. तिथे गाडी पूर्ण वेगात येते आणि पट्टा संपताच कचकचून ब्रेक मारावा लागतो.

घाट उतरणाऱ्या कुठल्याही ट्रक ड्रायव्हरला विचारा, याचा अर्थ काय ते तो सांगेल. ब्रेक सारखे दाबले की तापतात, तापले की पकड सुटते, आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. बाथर्स्टला हे १३० फेऱ्यांत १३० वेळा. म्हणजे ही शर्यत जितकी वेगाची होती, तितकीच ब्रेक, टायर आणि शॉक ॲब्सॉर्बरची होती. गाड्यांचे गटसुद्धा विक्रीच्या किमतीवरून पाडले होते. आपल्या पैशांत मिळणारी सगळ्यात दमदार गाडी कुठली, हे सामान्य गिऱ्हाइकाला कळावं, एवढाच हेतू. सुरुवातीला आयोजक फक्त गटांचे विजेते जाहीर करत. पण लोक बघणार काय? सगळ्यात आधी रेषा कोणी ओलांडली तेच. आणि लोक जे बघतात, तेच कंपन्याही बघतात.

मोटार धंद्यात एक म्हण आहे: रविवारी जिंका, सोमवारी विका. १९६३ साली हॅरी फर्थ आणि बॉब जेन यांनी फोर्ड कॉर्टिना जीटी पहिली आणली. १९६४ ला पुन्हा कॉर्टिना जीटी. आणि १९६५ साली गोष्ट पहिल्यांदा उलटी फिरली. फोर्डने कॉर्टिना जीटी ५०० नावाचं खास मॉडेल काढलं. नावातला ५०० चा आकडा शर्यतीच्या पाचशे मैलांचा. नियमात बसावी म्हणून थोड्या गाड्या बांधल्या, त्यांना पेट्रोलची टाकीही मोठी दिली. बाजारात जाऊन मागितली तर मिळत होती, म्हणजे नियमाने चोख. ती जिंकलीही.

इथे जरा थांबू या. १९६० चा नियम होता, ‘जे विकता तेच पळवा’. १९६५ साली त्याचं झालं, ‘जे पळवायचं आहे तेच थोडं विका’. कागदावर शब्दही बदलला नव्हता. पण आधी गिऱ्हाइकासाठी बनलेल्या गाडीची परीक्षा शर्यत घेत होती, आता शर्यतीसाठी बनलेली गाडी गिऱ्हाइकाच्या दारात उभी राहू लागली.

फौजेत काढलेल्या माणसाला हे नवीन वाटत नाही. वार्षिक इन्स्पेक्शन जवळ आलं की एमटी पार्कमध्ये काय चालतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. शक्तिमान ट्रकच्या टायरांना काळा रंग, नटबोल्टांना तेल, सगळी वाहनं एका रेषेत. तपासणीचा मूळ हेतू होता की ट्रक रात्री दोन वाजता हुकूम आला तरी सुरू व्हावा. पण जे तपासलं जातं, तयारी त्याचीच होते. माणसं लबाड असतात म्हणून नव्हे. मोजपट्टी समोर दिसत असते आणि हेतू दिसत नसतो म्हणून.

बाथर्स्टच्या पुढच्या वर्षांत हेच वाढत्या आकारात दिसतं. १९६६ साली छोट्या मिनी कूपर एस गाड्यांनी कमाल केली. फिनलंडचा राउनो आल्टोनेन आणि ऑस्ट्रेलियाचा बॉब होल्डन पहिले आले, आणि पहिल्या नऊ जागा मिनींनीच घेतल्या. हलकं वजन, चांगली पकड, चांगले ब्रेक. परीक्षेचा हेतू ज्यात दिसतो, असा हा निकाल. पण लगेच १९६७ साली फोर्डने फाल्कन जीटी आणली, ४.७ लिटरच्या व्ही-८ इंजिनाची. हॅरी फर्थ आणि फ्रेड गिब्सन जिंकले. होल्डनने १९६८ साली त्याहून मोठ्या इंजिनाची मोनॅरो जीटीएस ३२७ काढली आणि जिंकली. ती चालवणाऱ्या ब्रूस मॅक्फीने १३० पैकी १२९ फेऱ्या एकट्याने मारल्या. जोडीदार बॅरी मलहॉलंडच्या वाट्याला एकच फेरी आली. १९६९ साली मोनॅरोचं इंजिन आणखी मोठं झालं, आणि फोर्डने फाल्कन जीटीएचओ काढली. यातल्या एचओ या अक्षरांचा अर्थ ‘हँडलिंग ऑप्शन’ असा सांगितला गेला. गाडी वळणावर नीट सांभाळली जावी म्हणून केलेला बदल, असं विमा कंपन्यांना वाटावं हा त्यामागचा हिशेब. खरी करामत बॉनेटखाली होती.

१९७० आणि १९७१ अशी दोन वर्षं ॲलन मॉफॅटने एकट्याने गाडी चालवून शर्यत जिंकली. १९७१ ची त्याची गाडी होती फाल्कन जीटीएचओ फेज थ्री. ५.८ लिटरचं इंजिन, सुमारे १६४ लिटरची पेट्रोल टाकी, आणि ताशी सव्वादोनशे किलोमीटरचा वेग. मागे मुलं बसवायला जागा होती, डिकी होती, चार दारं होती. अशा सुमारे ३०० गाड्या बांधून विकल्या. मंडळी, एवढी मोठी टाकी कुठल्या कुटुंबाला लागते? ती बाथर्स्टला पेट्रोलसाठी कमी वेळा थांबावं लागावं म्हणून होती. ज्या तरुणाकडे पैसे होते, तो ही गाडी घेऊन सोमवारी सकाळी शहराच्या रस्त्यावर उतरू शकत होता.

या काळात आपल्याकडे काय चाललं होतं? मद्रासजवळच्या शोलावरमला, युद्धकाळातल्या जुन्या धावपट्टीवर, शर्यती होत. पण रस्त्यावर गाड्या मोजून तीन: ॲम्बॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड हेरल्ड. फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं. शर्यत जिंकली काय, हरली काय, कारखान्याच्या दारातली रांग तेवढीच राहणार. त्यामुळे शर्यतीची गाडी घडायची ती हौशी लोकांच्या गॅरेजमध्ये, मेकॅनिकच्या हाताने. तिथे स्पर्धेचा अतिरेक झाला, इथे स्पर्धाच नव्हती. दोन्हीकडे तोटा एकाच माणसाचा झाला, गाडी विकत घेणाऱ्याचा.

पुन्हा ऑस्ट्रेलियाकडे येऊ. १९७० साली त्या देशात रस्ते अपघातांत ३,७९८ माणसं गेली. लोकसंख्या अवघी सव्वा कोट. आजच्या आपल्या एका महानगराएवढी. तिथल्या इतिहासातला हा सर्वात मोठा वार्षिक आकडा. त्याच वर्षाच्या अखेरीस व्हिक्टोरियाने सीट बेल्ट लावणं सक्तीचं केलं. असं करणारं ते जगातलं पहिलं सरकार. घराघरांत कोणी ना कोणी गेलेलं होतं. आणि कारखाने मात्र १९७२ च्या शर्यतीसाठी आणखी जलद गाड्या तयार करत होते. फोर्डची फेज फोर, होल्डनची व्ही-८ टोराना. क्रायस्लरची चार्जरही मैदानात होतीच.

२५ जून १९७२ च्या रविवारी सिडनीच्या ‘सन-हेराल्ड’ या वृत्तपत्राने पहिल्या पानावर बातमी छापली: ताशी १६० मैल, म्हणजे २५७ किलोमीटर वेगाच्या गाड्या लवकरच रस्त्यावर येणार. लिहिणारा इव्हान ग्रीन हा मोटारींचाच जाणकार पत्रकार. न्यू साउथ वेल्सचे वाहतूक मंत्री मिल्टन मॉरिस यांनी मुद्दा उचलला. अशा गाड्यांची नोंदणीच होऊ देणार नाही, इथपर्यंत बोलणं गेलं. सरकारी खात्यांसाठी दरवर्षी हजारो गाड्या घेतल्या जात. ते गिऱ्हाईक गमावणं कुठल्याच कंपनीला परवडणारं नव्हतं. जुलै उजाडता उजाडता कंपन्यांनी माघार घेतली. फेज फोरच्या फक्त चार गाड्या बांधून झाल्या होत्या. तीन शर्यतीसाठी, एक रस्त्यासाठी.

त्या वर्षीची शर्यत जुन्याच मॉडेल्सवर झाली, आणि भर पावसात. मोठ्या फाल्कन निसरड्या रस्त्यावर चाचपडल्या. पीटर ब्रॉक नावाचा तरुण सहा सिलिंडरची, ३.३ लिटरची हलकी टोराना घेऊन एकट्याने जिंकला. पुढे त्याने ही शर्यत एकूण नऊ वेळा जिंकली. बारा वर्षं इंजिनं फुगवत नेल्यावर शेवटचा निकाल दिला तो हलक्या गाडीने आणि सावध हातांनी.

१९७३ पासून नियम बदलले. अंतर १,००० किलोमीटर झालं, दोन ड्रायव्हर सक्तीचे झाले, आणि शर्यतीसाठी गाडीत बदल करायची परवानगी मिळाली. म्हणजे शर्यतीचा दारूगोळा शोरूममधून विकायची गरज उरली नाही. हा शहाणपणाचा निर्णय होता. पण त्याच दिवशी मूळ कल्पनाही संपली. समोर पळणारी गाडी आता दारातल्या गाडीसारखी फक्त दिसत होती.

ही गोष्ट एकट्या ऑस्ट्रेलियाची नाही. युरोपात ऐंशीच्या दशकात रॅलीसाठी ग्रुप बी नावाचा वर्ग निघाला. वर्षभरात २०० गाड्या बांधा, की उतरा मैदानात. गाड्या इतक्या जलद झाल्या की ड्रायव्हर आणि प्रेक्षक दोघांचेही जीव गेले, आणि १९८६ नंतर तो वर्ग बंद झाला.

मग प्रॉडक्शन कार रेसिंगने काहीच दिलं नाही का? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. पाचशे मैल टेकडी चढवून-उतरवून जे ब्रेक, जे टायर, जे सस्पेन्शन टिकलं, त्यातलं शिक्षण साध्या गाड्यांपर्यंतही पोहोचलं. परीक्षा चांगली होती. तिच्या निकालावर धंद्याचं सगळं भवितव्य टांगलं गेलं, तिथे ती बिघडली.

आज माउंट पॅनोरमावर दर ऑक्टोबरमध्ये शर्यत होतेच. पण फोर्डने ऑस्ट्रेलियात गाड्या बनवणं २०१६ साली थांबवलं आणि होल्डनने २०१७ साली. जी शर्यत स्थानिक गाड्यांची परीक्षा घ्यायला सुरू झाली, ती चालू आहे. परीक्षेला बसणारे कारखाने राहिले नाहीत.

तेव्हा गाडी घेताना कोणी एखादा आकडा पुढे केला, मायलेजचा असो, वेगाचा असो वा चाचणीतल्या ताऱ्यांचा, तर एवढंच विचारा: हा आकडा गाडी चांगली आहे म्हणून आला, की आकडा यावा म्हणून गाडी अशी बनवली? दोन्हींत फरक असतो. तो ओळखायला ऑस्ट्रेलियाला बारा वर्षं लागली.

आज इथेच थांबतो. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.