पती-पत्नी आणि कुटुंबासाठी समुपदेशन: कधी, कुठे आणि कसे?

नवरा-बायकोचे भांडण चव्हाट्यावर आले की मराठवाड्यात आधी बैठक बसते. दोन्हीकडचे सोयरे आणि गावातली जाणती माणसे ऐकून घेतात आणि ‘जमवून घ्या’ असे सांगून उठतात. महिन्याभरात तेच भांडण पुन्हा सुरू होते, कारण ते का होते हे कोणी विचारलेलेच नसते. समुपदेशनात चूक कोणाची हे ठरवले जात नाही. भांडण कसे पेटते, ते शोधले जाते.

बऱ्याच जोडप्यांत एक जण बोलत राहतो आणि दुसरा गप्प होऊन घराबाहेर पडतो. त्याची शांतता वाढली की तिचे बोलणे वाढते, आणि ती बोलली की तो आणखी मिटतो. १९८० च्या दशकात कॅनडात सुरू झालेली भावनाकेंद्री उपचारपद्धती नेमके हेच चक्र दोघांच्या लक्षात आणून देते. ती आज जगभर वापरली जाते.

आपल्याकडे मात्र दोघांपुरते पाहून भागत नाही. सासू-सासरे, दीर, जमिनीचा हिस्सा हे सगळे त्या खोलीत येते. म्हणून गरजेनुसार घरातल्या इतरांनाही बोलावतात. लातूर-नांदेडमध्ये आणखी एक गोष्ट दिसते. मुलाला नीटच्या क्लासला घातले की आई भाड्याच्या खोलीत आणि वडील गावाकडे शेतीवर. दोन वर्षे फोनवर फक्त फी आणि मार्क! अशा घरात आम्ही साधाच गृहपाठ देतो: रोज दहा मिनिटांचा एक फोन, ज्यात मुलाचा अभ्यास काढायचा नाही. वाटतो तेवढा तो सोपा नसतो.

वादामागे आजारही असू शकतो. दारूचे व्यसन, नैराश्य, लैंगिक तक्रार किंवा जोडीदारावर निराधार, न हलणारा संशय असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. अशा संशयावर औषधे आहेत. शपथा घेऊन तो जात नाही.

घरात मारहाण किंवा धमकी असेल तर एकत्र बसून समुपदेशन करू नये. तिथे बोललेल्या शब्दाची किंमत घरी मोजावी लागते. आधी सुरक्षितता: तातडीने ११२ किंवा महिलांसाठी १८१ वर फोन करा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने संरक्षण मागता येते.

नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत मनोविकार विभागात चौकशी करा. टेली-मानस (१४४१६) ही मोफत सेवा दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते. प्रकरण कौटुंबिक न्यायालयात गेले असले तरी वाट बंद होत नाही. १९८४ च्या कायद्यानुसार न्यायालयाला आधी समेटाचा प्रयत्न करावा लागतो, आणि त्यासाठी तिथे विवाह समुपदेशक असतात. पण तिथपर्यंत थांबू नका. वकिलाची नोटीस आल्यावर दोघेही मोजून-मापून बोलतात आणि काम अवघड होते.

पहिल्या भेटीत बहुधा दोघांशी वेगवेगळेही बोलतात. तुमचे बोलणे जोडीदाराला सांगितले जाणार का, हे तेव्हाच विचारून घ्या. सत्रे साधारण आठवड्याने किंवा पंधरवड्याने होतात. गावाहून ये-जा जमत नसेल तर काही समुपदेशक व्हिडिओ कॉलवरही घेतात, मात्र घरात कोणी ऐकणार नाही अशी जागा हवी. जोडीदार यायला तयार नसेल तर एकट्याने सुरुवात करा. पुष्कळदा दुसरा तिसऱ्या-चौथ्या भेटीला स्वतःहून येतो, निदान आपल्याबद्दल काय सांगितले जाते ते ऐकायला तरी.