आले आकाशातून, उरले घरात

साहित्याच्या अभ्यासकाला छापील शब्दाची सवय असते. ग्रंथ दुर्मीळ झाला, तरी त्याची एखादी प्रत कुठल्यातरी ग्रंथालयात सापडेल, असा त्याला भरवसा असतो. दूरचित्रवाणीच्या बाबतीत हा भरवसा ठेवता येत नाही. कारण ग्रहण करणे आणि जतन करणे या तिच्या इतिहासातल्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवरचा उपग्रह पृथ्वीच्या गतीनेच फिरतो व जमिनीवरून स्थिर भासतो. त्याच्याद्वारे जगभर प्रक्षेपण करता येईल, ही कल्पना आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली मांडली. भारताने तिचा अनुभव १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळातील ‘साइट’ प्रयोगात घेतला. एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचले. ते झेलणारी तबकडी तारेच्या साध्या जाळीची होती.

तबकडी क्षीण लहरी एका बिंदूपाशी एकवटते. तिथले उपकरण त्यांना बळ देऊन त्यांची वारंवारता उतरवते, आणि रिसीव्हर त्यांतून हवी ती वाहिनी निवडतो. या साखळीत साठवणुकीची सोय मुळात नव्हती. क्षण सरला की चित्र सरले.

प्रक्षेपण करणाऱ्या संस्था तरी ते जपत होत्या का? बीबीसीने १९६० व १९७० च्या दशकांत अनेक कार्यक्रमांच्या महागड्या फिती पुसून पुन्हा वापरल्या. ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या हरवलेल्या भागांचा आवाज आज ऐकता येतो, तो काही प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता म्हणून.

१९७५ साली बीटामॅक्स आणि १९७६ साली व्हीएचएस आले, आणि चित्रही घरात मुद्रित होऊ लागले. चित्रपटसंस्था न्यायालयात गेल्या. १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी घरगुती मुद्रण वैध ठरवले. मात्र तो निकाल ‘नंतर पाहण्या’पुरता होता, कायमच्या संग्रहाचा प्रश्न त्याने सोडवला नाही. तो आपल्या परीने सोडवला फिलाडेल्फियातील मॅरियन स्टोक्स या एकेकाळच्या ग्रंथपाल स्त्रीने. २०१२ साली मृत्यू येईपर्यंत तीसहून अधिक वर्षे त्या घरी बातम्या मुद्रित करीत राहिल्या. सुमारे ७०,००० कॅसेटींचा तो संग्रह पुढे इंटरनेट आर्काइव्हकडे गेला.

हा प्रश्न आपलाही आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, आणि ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारख्या कार्यक्रमांतून मराठी लेखक घराघरांत बोलू लागले. लेखकाचे मध्येच थांबणे, एखाद्या प्रश्नाला हसून बगल देणे, स्वतःच्या ओळीवर नकळत दिलेला जोर, हे छापील मुलाखतीत उतरत नाही. वाङ्मयेतिहासाचे हे साधन आहे, पण आपल्या संदर्भसूचींत त्याला क्वचितच जागा मिळते.

पुढे सेट-टॉप बॉक्समध्येच मुद्रणाची सोय आली. पण तिथले मुद्रण बहुधा त्या बॉक्सपुरतेच बांधलेले असते. बॉक्स बिघडला की संग्रह गेला. जुनी कॅसेट निदान दुसऱ्या यंत्रात चालत असे. अर्थात तिचे चुंबकीय द्रव्यही झिजते, आणि ती वाचणारी यंत्रे दुर्मीळ होत चालली आहेत. तेव्हा माळ्यावरचे कॅसेटींचे खोके रद्दीत घालण्यापूर्वी त्यांवरच्या चिठ्ठ्या एकदा वाचाव्यात. तेवढी एकच प्रत उरलेली असू शकते.