तळं कुणाचं, मासळी कुणाची, पावती कुणाच्या नावाची?



मागे एका बचत गटाच्या ताईंनी आम्हाला विचारलं, "गावाजवळच्या तळ्यात मासे सोडायचे म्हणतो. सरकारचा मासेमारीचा परवाना केवढ्याला पडतो?" प्रश्न एका ओळीचा. आम्हाला वाटलं, उत्तरही एका ओळीचंच असेल. शोधायला बसलो आणि थेट दीडशे वर्षं मागे जाऊन पोचलो.

आधी एक घोळ सोडवू. टीव्हीवर मासेमारी परवान्याची बातमी येते ती बहुतेक वेळा कोकणातली. तिथे १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याखाली नौकेला परवाना लागतो. समुद्र काही कुणा एकाला लिहून देता येत नाही, म्हणून तिथली फी म्हणजे पाण्यात जाण्याची फी. आपल्या वाशिम जिल्ह्यात पैनगंगा, अडाण, अरुणावती या नद्या. एकबुर्जी, सोनल, अडाण ही धरणं. आणि गावोगावची गावतळी न् पाझर तलाव. तळं लहान असतं. सगळ्यांनीच जाळं टाकलं तर कुणाच्याच कढईत काही पडायचं नाही. म्हणून इथे चालतो ठेका. ठेका म्हणजे इतकी वर्षं या पाण्यातली मासळी तुमची, दुसऱ्याची नाही. पैसे मोजायचे ते या "दुसऱ्याची नाही"चे.

ही पद्धत जुनीच. निजामाच्या आणि मराठ्यांच्या अमलात जकात, दारू, महसूल सगळं मक्त्यानं दिलं जायचं. आपल्याकडे आजही लिलावाला हर्रास म्हणतात. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं, तेव्हा वाशिमला बासिम म्हणत आणि पुढे बासिम नावाचा जिल्हाही होता. १९०५ मध्ये तो मोडला आणि वाशिम अकोल्यात गेलं. स्वतंत्र जिल्हा पुन्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. हे सांगायचं कारण साधं आहे. तुमच्या तळ्याचा जुना कागद शोधायला गेलात तर त्यावर जिल्हा अकोला लिहिलेलं असेल. घाबरू नका, कागद तुमचाच आहे.

इंग्रजांच्या काळात फ्रान्सिस डे नावाच्या एका डॉक्टरनं देशभरच्या गोड्या पाण्यातल्या माशांची पाहणी केली. १८७३ साली त्याचा अहवाल आला. बारीक बारीक पिल्लंसुद्धा मारली जातात, त्यामुळे मासळी घटते, ही त्याची मुख्य तक्रार. पुढे १८९७ साली भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा झाला. पाण्यात सुरुंग लावला किंवा विष कालवलं तर दोन महिन्यांपर्यंत कैद नाही तर दोनशे रुपयांपर्यंत दंड. तेव्हाचे दोनशे बरं का! जाळ्याच्या आसाचं माप ठरवायचा आणि काही पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी बंद ठेवायचा अधिकारही सरकारला मिळाला. म्हणजे पाण्यावर सरकारचा हात आला तो मासळी वाचवायच्या नावानं. वसुलीचा हात मात्र त्याआधीपासूनच होता.

त्या वसुलीची एक गोष्ट बंगालात फार सांगतात. कंपनी सरकारनं गंगेत मासे धरणाऱ्यांवर कर बसवला. ते कोळी कलकत्त्याच्या राणी रासमणींकडे गेले. राणींनी दहा हजार रुपये भरून नदीचा एक पट्टाच ठेक्यानं घेतला आणि लोखंडी साखळ्या लावून जहाजांची वाट अडवली. विचारलं तर म्हणाल्या, मासेमारीचा हक्क मी विकत घेतलाय, जहाजांनी माझे मासे पळतात. सरकारला कर मागे घ्यावा लागला. ठेक्याचा कागद हातात असला तर बाई काय करू शकते, ते बघा.

आता आपल्या तळ्याकडे येऊ. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत. त्यांचं बीज पुराच्या वेळी नद्यांमधून गोळा करून लांबलांब न्यावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी या माशांना इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावली. तेव्हापासून बीज केंद्रावर तयार होऊ लागलं. अगदी बारीक असतं त्याला मत्स्यजिरे म्हणतात, जिऱ्यासारखं दिसतं म्हणून. बोटाएवढं वाढलं की बोटुकली.

आमच्या मते ठेक्याचा हिशेब बदलला तो इथे. पूर्वी पावसानं आणि नदीनं जे दिलं तेच धरायचं, त्यामुळे मक्ता हाच मोठा खर्च. आता आधी बीज विकत घ्या, सोडा, राखण करा, मग धरा. समजा, ठेका वर्षाला १०,००० रुपयांचा आहे. हर्राशीत तोच आकडा बोलला जातो, तोच घरी सांगितला जातो. बोटुकलीचे, जाळ्यांचे, रात्रीच्या राखणीचे पैसे कुणी बोलत नाही. पाऊस कमी झाला तर फेब्रुवारीतच तळ दिसतो. त्यात १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर आपल्याच आया-सासवांनी माती वाहून बांधलेले पाझर तलाव तर पाणी मुरावं म्हणूनच बांधलेले. मासे वाढवायला ते बांधलेच नव्हते. पाणी मार्चमध्ये जातं, ठेका मात्र पूर्ण वर्षाचा लागतो.

आणि तळं कुणाचं? १९६६ च्या जमीन महसूल कायद्यानुसार ज्यावर कुणाची खासगी मालकी नाही ते नदी, नाले, तळी शासनाचे. पण कारभार वाटलेला आहे. गावतळं ग्रामपंचायतीकडे, लहान सिंचन तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठ्या धरणातली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाकडे. एकाच गावाच्या शिवारात तिन्ही सापडतात. चुकीच्या दारात अर्ज दिला तर वर्ष वाया जातं. आणखी एक, ठेका माशाचा असतो, पाण्याचा नाही. शेताला आणि प्यायला पाणी सोडू नका असं ठेकेदाराला म्हणता येत नाही.

मोठ्या पाण्याचा ठेका देताना मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य असतं. पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणाऱ्या भोई समाजाच्या पोटाचा प्रश्न आहे, ते योग्यच आहे. पण संस्थेच्या सभासदांची यादी वाचायला लागलं की जाळं टाकणारे पुरुषच दिसतात. पहाटे मासळी निवडणारी, टोपलं घेऊन बाजारात बसणारी बाई त्या यादीत क्वचितच. हे आम्हाला खटकतं.

बिहारमध्ये मधुबनी जिल्ह्यात मल्लाह समाजाच्या बायकांनी यावर वाट काढली. विजी श्रीनिवासन यांच्या अदिती संस्थेच्या मदतीनं त्यांनी स्वतःच्या संस्था काढल्या आणि तळी ठेक्यानं घेतली. कागद बायकांच्या नावाचा झाला.

कागदाचं महत्त्व पुढेही आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिलांना ६० टक्के अनुदान ठेवलं होतं. पण अनुदान मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो, तळं तुमच्या ताब्यात असल्याचा कागद कुठे आहे?

तर त्या ताईंना आम्ही आकडा सांगितलाच नाही. सांगितलं की आधी तळं कुणाकडे आहे ते विचारा, मग मागच्या हर्राशीची नोंद बघायला मागा. किती वर्षांसाठी, केवढ्याला, कुणी घेतलं, अनामत किती, पाणी आटलं तर सूट आहे का, हे सगळं त्यात कळतं. त्या गटातल्या दोघीजणी गेल्या. ज्याला त्या गावतळं समजत होत्या ते जिल्हा परिषदेचं निघालं, आणि चालू ठेक्याची दोन वर्षं अजून बाकी होती. पुढच्या हर्राशीची नोटीस लागेल तेव्हा गटाला कळवावं, असा अर्ज त्यांनी देऊन ठेवलाय. पोचपावती गटाच्या पेटीत आहे.