सुवर्णशोधाचा काळ आणि शब्दांची साक्ष

कॅलिफोर्नियातील सुवर्णशोधाच्या काळचे जीवन कल्पनेने उभे करू लागलो की, एक ठरावीक चित्र डोळ्यांपुढे येते. दाढी वाढलेला, लाल सदरा घातलेला एक गोरा तरुण गुडघाभर पाण्यात ओणवा होऊन पसरट भांड्यात वाळू धूत आहे. हे चित्र खोटे नव्हे. मात्र ते एका विशिष्ट वर्गाने आपल्या हाताने रेखून ठेविलेले आहे. पूर्वेकडील राज्यांतून आलेल्या तरुणांपैकी पुष्कळ जण साक्षर होते. ते घरी पत्रे पाठवीत, रोजनिशी लिहीत. इतिहासकाराची कल्पनाशक्ती अखेर कागदाच्या मागोमाग चालते. ज्यांचे कागद नाहीत त्यांच्यापर्यंत पोहोचण्यास शब्दांची वाट काही अंतर तरी उपयोगी पडावी, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात त्याच वाटेने जाण्याचा विचार आहे.

२४ जानेवारी १८४८ रोजी अमेरिकन नदीच्या काठी कोलोमा येथे जेम्स मार्शल यास सोन्याचे कण सापडले. सटर नावाच्या जमीनदारासाठी तो तेथे लाकूड चिरण्याची गिरणी बांधीत होता. तिच्या पाण्याच्या चरात ते चमकले. त्यानंतर नऊ दिवसांनी तह होऊन मेक्सिकोने हा प्रदेश अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या हवाली केला. तहावर सह्या करणाऱ्यांना या शोधाची वार्ता नव्हती. १८५५ पर्यंत सुमारे तीन लाख माणसे तेथे लोटली.

त्या काळच्या लेखनात लुइझ क्लॅप हिची तेवीस पत्रे मला सर्वांत विश्वसनीय वाटतात. ही एका डॉक्टरची पत्नी. १८५१-५२ मध्ये फेदर नदीकाठच्या रिच बार व इंडियन बार या वस्त्यांत राहून तिने आपल्या बहिणीस ही पत्रे लिहिली; पुढे ती 'डेम शर्ली' या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. एकदा तिने स्वतः वाळू धुऊन पाहिली. सव्वातीन डॉलरचे सोने मिळाले. त्यापायी झगा फाटला, नवे हातमोजे वाया गेले आणि सर्दी झाली ती निराळीच. आपल्याकडील सराफकट्ट्यावरची माती धुणारा झारेकरी ही मिळकत ऐकून हसला असता. स्पॅनिश बोलणाऱ्यांवर झालेला अन्याय, चाबकाची शिक्षा, फाशी हेही तिने नोंदले आहे. तिची दृष्टी स्वच्छ होती. परंतु तिच्या कानांना ऐकू येणाऱ्या भाषा थोड्या होत्या.

आता शब्द पाहू. नदीच्या वाळूतील सोन्याच्या साठ्यास 'प्लेसर' म्हणत; अकस्मात लागलेल्या घबाडास 'बोनान्झा'. दोन्ही शब्द स्पॅनिश. 'बोनान्झा'चा मूळ अर्थ समुद्रावरील निवांत, अनुकूल हवा. वाळू धुण्याचे लाकडी पात्र 'बातेआ', हाही शब्द स्पॅनिशच. मेक्सिकोतील सोनोरा प्रांतातून आलेल्या खाणकऱ्यांना ही विद्या अवगत होती. नवख्या अमेरिकनांनी तिचा बराच भाग त्यांच्याकडून उचलला. १८५० मध्ये परदेशी खाणकऱ्यांवर दरमहा वीस डॉलरचा कर बसला आणि त्यांतील अनेकांना ते खोरे सोडावे लागले. गुरू गेले, परिभाषा राहिली. चिनी मजूर कॅलिफोर्नियास 'सोन्याचा डोंगर' म्हणत. १८५१ मध्ये ऑस्ट्रेलियात सोने सापडले, आणि पुढे सॅन फ्रान्सिस्को हा 'जुना सोन्याचा डोंगर' झाला. हे नाव चिनी भाषेत आजही चालते. १८५४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या माणसाविरुद्ध चिनी माणसाची साक्ष अग्राह्य ठरविली. न्यायालयात न चालणारी साक्ष नकाशावर मात्र टिकून राहिली.

मूळ रहिवाशांना खाणकरी 'डिगर', म्हणजे खणणारे, असे तुच्छतेने म्हणत. कारण ते कंदमुळे खणून खात. सोन्यासाठी अख्खे डोंगर उकरणाऱ्यांनी हा शब्द शिवी म्हणून वापरावा, आणि ऑस्ट्रेलियातील खाणकऱ्यांनी तोच भूषण म्हणून मिरवावा, हा अर्थशास्त्राचा नव्हे, अर्थविचाराचा विषय आहे. १८४६ च्या सुमारास दीड लाख असलेले हे लोक १८७० नंतर सुमारे तीस हजार उरले. रोगराई आणि उपासमार ही कारणे होतीच. परंतु राज्याच्या पैशाने पोसलेल्या टोळ्यांनी केलेली हत्याकांडेही होती. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली.

याही ही त्यांतील एक लहानशी जमात. स्थलांतरितांची एक वाट तिच्याच प्रदेशातून गेली होती. १८६० नंतरच्या दशकात तिची कत्तल झाली. मूठभर लोक ओढ्यांच्या कपारींत लपून राहिले. ऑगस्ट १९११ मध्ये, फेदर नदीवरीलच ऑरोव्हिल गावी, एक उपाशी, एकाकी माणूस लोकांच्या हाती लागला. त्याची भाषा कोणासच कळेना. विद्यापीठातून आलेल्या वॉटरमन या अभ्यासकाने याना भाषेतील शब्दांची यादी त्याच्यापुढे वाचावयास घेतली. शब्दामागून शब्द गेले. 'सिविनी', म्हणजे पिवळा पाइन वृक्ष, हा शब्द उच्चारताना वॉटरमनने खाटेच्या लाकडावर हात ठेवला, आणि त्या माणसाचा चेहरा उजळला. सटरची गिरणी लाकडासाठीच होती, याची येथे आठवण होते.

त्याने आपले नाव कधीच सांगितले नाही. लोक त्यास 'ईशी' म्हणू लागले. याना भाषेत त्याचा अर्थ माणूस, पुरुष. या भाषेत पुरुषाने पुरुषाशी बोलावयाची रूपे निराळी, आणि स्त्रियांनी किंवा स्त्रियांशी बोलावयाची निराळी. १९१५ च्या उन्हाळ्यात एडवर्ड सपीर याने बर्कली येथे त्याच्याकडून कथा आणि शब्द टिपून घेतले. पुरुषी रूपे ज्याच्याशी बोलावीत असा दुसरा याही पुरुष तेव्हा उरला नव्हता. समोर वही घेऊन बसलेला सपीर होता. पुढील वर्षीच्या मार्चमध्ये ईशी क्षयाने वारला.