बैठकीतली गादी आणि हप्त्याचा सोफा

यवतमाळ कापसाचं गाव. गाठी शकुंतला रेल्वेनं मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला जात. जुन्या व्यापारी घरांत बैठक म्हणजे गादी, लोड, तक्के. सकाळी तिथं सौदे, दुपारी बायकांचं धान्य निवडणं, रात्री पाहुण्यांची अंथरुणं. सोफा आला आणि खोली एकाच कामाला अडकली. आता तोही जुना दिसतो म्हणून हप्त्यावर नवा!

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहाच्या मर्यादेत ‘कुप्य’ही मोजलंय, म्हणजे सोन्या-चांदीपलीकडचं घरसामान. सोफा त्यातच आला की! मी आमचा नुसता भिंतीला लावला. मधल्या मोकळ्या जागेत सामायिकाला चौघींची आसनं मावतात. बहिणींनो, सरकवायचं ते चातुर्मासाआधीच. पावसाळ्यात खाली जीव फार. आणि आधी पूंजणी फिरवा.